अटेंडंट म्हणजे नेमका कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रुग्णालयात अटेंडंटला मारहाण’ या धाटणीचे मथळे मराठी वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात. मार कोणाला बसला, पेशंटच्या भावाला की वॉर्डबॉयला? बातमी शेवटपर्यंत वाचावी तेव्हा कळते, कधी तेव्हाही कळत नाही. सरकारी रुग्णालयातला कर्मचारी असेल तर सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम लागू शकते, भाऊ असेल तर नाही. म्हणजे एका शब्दाच्या आळसापायी बातमीचा गाभाच हरवतो.

रुग्णालयांच्या इंग्रजीत आपल्याकडे हा शब्द दोघांसाठी चालतो. पेशंटजवळ थांबणारा नातेवाईक अटेंडंट (त्याचा पास तो ‘अटेंडंट पास’), आणि स्ट्रेचर ढकलणारा, बेडपॅन देणारा, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणारा कर्मचारीही अटेंडंट. मराठीत हा घोळ मुळात नाही. वॉर्डात कोणीही ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असेच विचारते. मग छापताना ‘सोबतचा नातेवाईक’ लिहायला काय हरकत आहे? भाषांतराच्या यंत्राने काढलेल्या पाट्या तर त्याच्याही पुढे जातात: ‘परिचरांनी बाहेर थांबावे’. परिचर म्हणजे रुग्णालयाचा कर्मचारी. तोच बाहेर थांबला तर पेशंटला ऑपरेशन थिएटरपर्यंत नेणार कोण?

कर्मचाऱ्यांचीही पदनामे ठरलेली आहेत: कक्षसेवक, प्रयोगशाळा परिचर, शस्त्रक्रियागृह परिचर. बोलण्यात हे सगळे ‘मामा’ आणि ‘मावशी’. जुन्या पिढीतला ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. खरा सापळा आहे तो परिचर या शब्दाचे स्त्रीलिंग करताना. बातमीदार बिनदिक्कत ‘परिचारिका’ लिहितो आणि मावशींची एका ओळीत नर्स होते. परिचारिकेला परिचर्येचे प्रशिक्षण आणि परिचर्या परिषदेकडची नोंदणी लागते, परिचराला नाही. ‘परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले’ असे छापण्याआधी इंजेक्शन देणारी बाई नक्की कोण होती हे विचारलेच पाहिजे. नर्सने दिले असेल तर ती औषधातली किंवा मात्रेतली चूक. मावशींनी दिले असेल तर त्यांच्या हातात सिरिंज दिली कोणी, हीच खरी बातमी. शासकीय शब्द म्हणून ‘स्त्री परिचर’ आहेच. ऐकायला ओबडधोबड, पण अचूक. उलट बाजूने ‘परिसेविका’ वाचून कोणी मावशी समजू नये. त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांच्याखाली अधिपरिचारिका, वर अधिसेविका म्हणजे मेट्रन.

अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस ही दोन वेगळी पदे आहेत, शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आणि प्रयोगशाळा परिचर ही दोन. मानधन वेगळे, काम वेगळे. संपाच्या बातमीत सरसकट ‘सेविका’ लिहिले की मदतनीस गायबच होतात.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो बॉयलर अटेंडंटवर. साखर कारखान्यातल्या अपघाताच्या बातमीत त्याला ‘बॉयलरवरील मदतनीस’ केलेले असते. हा माणूस बॉयलर अटेंडंट नियम, २०११ प्रमाणे परीक्षा देऊन प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र मिळवतो. त्याचे पहिले काम म्हणजे गेज ग्लासमधल्या, म्हणजे बॉयलरमधले पाणी किती ते बाहेरून दाखवणाऱ्या काचेच्या नळीतल्या, पाण्याच्या पातळीवर नजर. नुसते बघून भागत नाही, कारण नळीत गाळ अडकला की काच खोटी पातळी दाखवते. म्हणून ती वरचेवर ‘ब्लो’ करावी, म्हणजे वाफ आणि पाणी सोडून मोकळी करावी लागते. खालचा ड्रेन कॉक (पाणी बाहेर सोडणारी तोटी) उघडायचा, पाण्याचा कॉक बंद करून वाफ जोरात येते का पाहायचे, मग वाफेचा बंद करून पाण्याचा उघडायचा. शेवटी ड्रेन बंद करून दोन्ही कॉक उघडे ठेवायचे. पाणी चटकन वर चढले तर मार्ग मोकळा, रेंगाळत चढले तर कुठेतरी अडकलेय. काचेत पाणीच दिसेनासे झाले तर घाईने पंप चालू करायचा नाही, आधी आग तोडायची. लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडले तर स्फोटाचीच भीती. हे ज्याच्या हाती, तो मदतनीस कसा? ‘बॉयलर अटेंडंट’ असेच देवनागरीत लिहावे. कारखान्यात सगळे तसेच म्हणतात.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन: एखाद्या गोष्टीकडे लक्ष ताणून धरणे. फ्रेंचमध्ये त्याच धातूचा अर्थ ‘वाट पाहणे’ असा झाला. आपल्याकडे चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा असणारा. ‘उपस्थिती’ हा शब्दही त्याच धातूचा. त्याच्याकडून अपेक्षित गुणही चार: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. यात हरकाम्या कुठेच बसत नाही.

विमानातल्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे ‘फ्लाइट अटेंडंट’ना, अजूनही ‘हवाईसुंदरी’ छापणाऱ्यांना काय सांगावे! निम्मी दारे बंद धरून ९० सेकंदांत अख्खे विमान रिकामे होते हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. ती उरलेली दारे उघडण्याचे प्रशिक्षण याच मंडळींना असते. ‘केबिन क्रू’ किंवा ‘विमान कर्मचारी’ लिहावे, त्यात पुरुषही येतात.

उपसंपादकांना एकच विनंती. बातमीदाराने ‘अटेंडंट’ लिहून पाठवले की फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: पगार कोण देते, आणि नेमणूकपत्रावर काय लिहिले आहे? पगारच नसेल तर तो नातेवाईक.

– एक भाषांतरकार, सांगली