डोंबिवलीच्या काकूंना, संगमेश्वरहून

काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "अगं राहू दे गं, पोरं कशी आहेत सांग" करून विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते गावी जायची स्वप्नं बघणाऱ्या कितीतरी जणांना कोणी सांगतच नाही.

आमच्यावर आता एक रुपयाचंही कर्ज नाही. यंदा घरचा तांदूळ खातोय, नाचणी घरची, कुळीथ घरचा. हे लिहिताना पण मला भरून येतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोंबिवलीत आमचा वन बीएचके, त्याचं होम लोन, सासऱ्यांच्या ऑपरेशनला घेतलेलं पर्सनल लोन आणि त्याच वेळी औषधं-टेस्टमध्ये भरलेलं क्रेडिट कार्ड. आणि इकडे संगमेश्वर तालुक्यात नवऱ्याच्या वाटणीची जमीन, कौलारू घर आणि विहीर नुसती पडून. गावी राहायचं, आपलं आपण पिकवून खायचं हे आमच्या दोघांच्या डोक्यात फार वर्षं होतं. प्लॅन असा की फ्लॅट भाड्याने देऊ, भाड्यातून हप्ते जातील, बाकीचं शेतीतून निघेल. ज्याला सांगू तो म्हणायचा मस्त आयडिया आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू, म्हणजे तुम्ही, आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात बसलेल्या, तुम्ही एवढंच विचारलंत, "भात वर्षातून एकदा येतं गं, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. पाच तारखेला काय विकणार?"

आमच्याकडे उत्तरच नव्हतं. मग तुम्ही म्हणालात कागद घेऊन या, सगळे, लपवायचं काही नाही.

त्या रविवारी डायनिंग टेबलवर तुम्ही कार्डाचं स्टेटमेंट पुढे ओढलंत आणि पेन्सिलीने हिशोब मांडलात तो मी अजून जपून ठेवलाय. थकबाकी ८०,०००, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,८०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, झाले ३,३०४. आणि आम्ही दर महिन्याला भरत होतो ४,०००, म्हणजे मुद्दलातून जात होते फक्त ६९६! तेही कार्डावर नवीन काही घेतलं नाही तर. खाली तुम्ही वर्षाचा आकडा लिहिलात, ४२ टक्के, आणि त्याच्या शेजारी आमच्या एफडीचा ७ टक्के. बोलला काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही एफडी मोडली आणि कार्ड पूर्ण भरलं.

त्याआधी एक वसुलीवाला फोन करून मागे लागला होता की कमी पैशात सेटल करा, प्रकरण मिटवा. ते ऐकायला किती बरं वाटतं हे त्या जागी असलेल्यालाच कळतं. तुम्ही सांगितलंत की सेटल केलं की सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये, "सेटल्ड" असा शेरा बसतो, पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घ्या आणि बँकेची एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, हातात आल्याशिवाय झालं असं समजू नका. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा खरंच.

मग पर्सनल लोन, बोनस आणि माझ्या ट्युशनचे पैसे घालून. ते फिटेपर्यंत घरात काय काय बंद केलं ते लिहीत बसत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. होम लोनचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथे सगळेच अडकतात. २० वर्षांचं साडेआठ टक्क्यांचं लोन असेल तर दर दहा लाखांमागे हप्ता साधारण ८,६७८ बसतो आणि पहिल्या महिन्यात त्यातले ७,०८३ नुसतं व्याज असतं, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा नवरा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसला. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं, घराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. फ्लॅट विकायचा निर्णय आमचा होता, तुम्ही विका म्हणाला नाहीत, पण विकल्यावर हातात किती उरेल आणि ठेवला तर काय होईल हे दोन्ही मांडून दिलंत. आम्ही विकला. लोक अजून म्हणतात मुंबईजवळचं घर कोणी विकतं का, म्हणू देत.

आणि पैसे भरून झाल्यावर बँकेने मूळ अ‍ॅग्रीमेंट द्यायला टाळाटाळ सुरू केली, आज या उद्या या, तिकडे फ्लॅट घेणारे खोळंबलेले. तुम्ही गुडघा दुखत असताना माझ्याबरोबर रिक्षात बसून आलात, पर्समधून सप्टेंबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रिंट काढलीत आणि मॅनेजरला शांतपणे म्हणालात, तीस दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे, तुम्हाला माहीत असेलच. कागद मिळाले काकू. नुसता सल्ला देणारे खूप भेटतात, रिक्षात बसून बरोबर येणारं कोण असतं?

निघायच्या आधी तुम्ही दोन गोष्टी करायला लावल्यात. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम सुटतो म्हणून आधी स्वतःची पॉलिसी, आणि वर्षभराचा किराणा, लाईट बिल, शाळेची फी एवढे पैसे बाजूला. तेव्हा वाटलं होतं एवढं कशाला, पण पहिल्या पावसाळ्यात वानरांनी काकड्या आणि पडवळं ओरबाडून मांडव मोकळा केला, डुकरांनी भाताचा एक कोपरा लोळवला, आणि तरीही रात्री झोप लागली. डोक्यावर हप्ता असता तर त्याच नुकसानाने आम्ही परत डोंबिवलीच्या गाडीत बसलो असतो.

इथे आल्यावर गाय घ्या, पंप घ्या, पॉवर टिलर घ्या, सगळं लोनवर मिळतं असं सांगणारे खूप भेटले. पीककर्ज वाईट असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात, वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज सवलत मिळते हे तुम्हीच सांगितलंत. पण पहिली दोन वर्षं जमीन ओळखा, मग बघा, असं म्हणाला होतात. तेच करतोय. गाय नाहीये अजून, शेजारच्या आजींकडून शेण आणतो, गावठी कोंबड्या आहेत. भात कापल्यावर त्याच ओलाव्यावर कुळीथ टाकला, त्याला पाणी द्यावंच लागलं नाही. मीठ, तेल, चहा, साखर, मोबाईल रिचार्ज विकतच, त्यात लाज काय. रोख पैसा लागतोच, तो नवऱ्याच्या अकाउंट्सच्या ऑनलाईन कामातून आणि थोडा काजू-आमसुलांतून येतो. यंदा मे महिन्यात मी पहिल्यांदा आमसुलं केली, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडून सालं वेगळी, त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायची, उन्हात घालायची, परत भिजवायची, परत उन्हात, आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत! बोटं आठवडाभर लाल होती. ती विकली आणि त्या पैशांतून कोणाचाच हप्ता गेला नाही, सगळे घरात राहिले.

तुम्ही एकदाही आम्हाला ओशाळवाणं वाटू दिलं नाहीत. कर्ज झालेल्या माणसाला सगळे आधी बोलतात, मग मदत करतात, तुम्ही फक्त मदत केलीत. मी आणि हे, आम्ही दोघंही तुमचे मनापासून आभारी आहोत.

गणपतीला यायचंच आहे. दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडा, संगमेश्वर रोडला उतरा, हे स्टेशनवर घ्यायला येतील. पायऱ्या दोनच आहेत घराला, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. आणि येताना रिकामी पिशवी आणा, पाच किलो लाल तांदूळ आणि आमसुलं तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलीयेत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची