राखड आहे, काळी मातीही आहे. रस्ता तेवढा टिकत नाही

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शाखा अभियंता. नोकरीची बरीच वर्षं वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या जमिनीत गेली. ही माती पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मानवते, रस्त्याला नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात भेगेत अख्खा हात जातो. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ते एकमेकांपासून सरकतात. मग वर कितीही डांबर ओता, खालची जमीनच हलते.

आमच्या खात्याचं उत्तर ठरलेलं: मुरूम. टेकडी खोदा, आणा, पसरा, रोलर फिरवा. अशी अंदाजपत्रकं मीही केली आहेत, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही. एका गावरस्त्यावर तीन उन्हाळे मुरूम टाकला. दर पावसाळ्यात तो चिखलात गडप!

आणि तासाभराच्या अंतरावर चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के, त्यामुळे तो जळून उरणाऱ्या राखडीला तोटा नाही. ती नुसती साठवली तर काय होतं, ते जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

हीच राखड रस्त्याखालच्या काळ्या मातीत मिसळता येते. पण नुसती राखड ओतून भागत नाही. आपल्याकडच्या राखडीत चुन्याचा अंश कमी, ती एकटी घट्ट होत नाही. साधारण ३ ते ५ टक्के चुना मिसळला की माती आधी चिकटपणा सोडून रवाळ होते, मग राखडीतली सिलिका त्या चुन्याशी हळूहळू बांधली जाते. नेमकं प्रमाण त्या त्या रस्त्याची माती तपासूनच ठरवायचं. यात नवलाई काही नाही. सिमेंट, चुना, राखड मिसळून माती पक्की कशी करायची हे सांगणारी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका, आयआरसी एसपी ८९, २०१० पासून छापील आहे आणि केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांना राखड वापरायला सांगितलंच आहे.

मग अडतं कुठे? वेळेत. कार्यादेश मार्चअखेर निघतो, काम मेअखेर सुरू होतं, आणि चुन्याला मुरायला दिवस लागतात. मुरूम घाई सोसतो, चुना सोसत नाही. शिवाय गोदामात हवा खाऊन मेलेला चुना कागदावर जिवंतच असतो. म्हणून माती-चाचणी दिवाळीच्या आसपास व्हावी, चुना साइटवर तपासला जावा. राखड उघडी पडली तर उडते. कडेने चांगल्या मातीचं आवरण हवंच, आणि विहिरींजवळ ती नको.

सरसकट आदेश मागत नाही. एकच किलोमीटर द्या. अर्ध्यात मुरूम, अर्ध्यात चुना-राखड. दोन पावसाळ्यांनंतर दोन्हीकडे खड्डा घेऊन बघू. कुदळ घेऊन मी येतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, वरोरा