आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या आईचा सल्ला ‘पूर्ण’ झालेला नाही

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. तान्हा पोळा होऊन चार दिवस झाले होते. आईचे डोके सकाळपासून ठणकत होते, म्हणून मी तिला गावातल्या उपकेंद्रात नेले. तिचे वय ६७. सिस्टरनी रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा १९० भरला. गोळ्या संपलेल्या होत्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरांची जागा रिकामी होती, म्हणून टॅबवरून शहरातल्या डॉक्टरांना जोडले गेले. चित्र आले, आवाज आला नाही. रेंज शोधत सिस्टर टॅब घेऊन आधी दारात गेल्या, मग ओट्यावर, मग पाण्याच्या टाकीजवळ. आई त्यांच्या मागोमाग भिंत धरून चालत होती. “डाक्टर दिसून राह्यले, पण बोलून नाही राह्यले,” एवढेच ती म्हणाली. मग चित्रही थांबले. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा माझ्या मोबाइलवर संदेश आला होता : आपला वैद्यकीय सल्ला पूर्ण झाला आहे.

त्याच रात्री तिला लकवा मारला. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर, पहाटे, कळले. आज तिचा उजवा हात उचलत नाही. ज्या हाताने तिने चाळीस वर्षे कापूस वेचला, त्या हाताला मी रोज सकाळी तेल लावतो. ती माझ्याकडे बघते, पण माझे नाव तिच्या तोंडून निघत नाही.

दोष सिस्टरचा नाही, हे मी मुद्दाम लिहितो. त्या एकच माहिती आधी रजिस्टरमध्ये लिहितात, मग ॲपवर भरतात, आणि रेंज नसली तर रात्री घरी जाऊन पुन्हा भरतात.

ही सेवा सुरू झाली तेव्हा ग्रामसभेत आम्हाला सांगण्यात आले होते की एका वर्षाने गावासमोर तिचा आढावा घेतला जाईल. दोन वर्षे झाली, आढावा झाला नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तरात किती सल्ले ‘पूर्ण’ झाले त्याची संख्या मिळाली. त्यांपैकी किती जणांना डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, किती जणांच्या हातात गोळी पडली, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, यातले काहीही त्या कागदावर नव्हते. माझी आईसुद्धा त्या संख्येत धरली गेली असणार, आणि ही गोष्ट मला झोपू देत नाही.

महोदय, नवे औषध माणसांवर तपासल्याशिवाय बाजारात येत नाही. मग आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहणारे ॲप न तपासता गावात कसे येते? तपासायचे कसे, हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत राबवली, शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगासमोर मांडले. तेथे भेटी किती झाल्या यावर काम थांबले नाही. बाळ जगले की नाही, हे मोजले गेले. केंद्र सरकारने आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र व्यवस्था उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावले की डिजिटल साधने चालत्या आरोग्यव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत. आमच्याकडे मात्र डॉक्टरांची जागा भरायची नसली की टॅब येतो, आणि एकदा टॅब आला की जागा भरण्याचा विषयच संपतो. आईचा १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) निघाला आहे, कार्ड छापून मिळाले आहे; रक्तदाबाची गोळी मिळाली नाही. या व्यवस्थेत नोंद झाली की काम झाले असे धरतात. पीक विम्यात आम्ही हेच भोगले, आता ते आमच्या देहापर्यंत आले आहे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. त्या दिवशी आवाज आला असता, तर कदाचित आई आज बोलत असती. म्हणूनच माझी मागणी आहे की असे प्रत्येक साधन राज्यभर लावण्याआधी ते जिथे रेंज जाते, वीज जाते आणि गोळ्या संपतात, अशाच काही उपकेंद्रांत वर्षभर तपासावे. सिस्टर आणि आशाताईंचा किती वेळ त्यात जातो, तेही मोजावे. निष्कर्ष वाईट निघाले तरी मराठीत जाहीर करावेत. आणि तुटलेला कॉल ‘अपूर्ण’ म्हणूनच नोंदला जावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या घरी जाईल.

ग्रामसभेत कबूल केलेल्या आढाव्याची तारीख मला लेखी कळवावी. त्या दिवशी मी आईला खुर्चीवर बसवून घेऊन येईन. आणि तिच्या नावापुढची ‘पूर्ण’ ही नोंद दुरुस्त करावी.

आपला,
एक शेतकरी, जि. यवतमाळ