हवेच्या लाइनमधून येणारे पाणी आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपण बसवून दिलेल्या पाकीट सील करण्याच्या मशीनचा, दाबलेल्या हवेने जबडा हलवणारा सिलिंडर ४ महिन्यांत तिसऱ्यांदा अडकला आहे. पहिल्या दोन्ही वेळा आपल्या सर्व्हिस इंजिनिअरने एकच इलाज केला : हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर फिरवला. ६ बारचे ७ केले, मग ८. दोन-चार दिवस बरे गेले की जबडा पुन्हा अर्ध्यावर थांबतो.

मुळात दाब कमी नव्हताच. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारला सुमारे १२० किलो वजनाइतका जोर लावतो; प्लास्टिकच्या पाकिटाला तो पुरून उरतो. तिसऱ्या वेळी आपला माणूस येईपर्यंत मी सिलिंडरला हवा सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या सायलेन्सरसमोर, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते तिथे, कोरा कागद धरला. प्रत्येक स्ट्रोकला त्यावर पाण्याचे शिंतोडे, मध्येमध्ये गंजाचे तांबूस ठिपके. एफआरएलचा, म्हणजे मशीनआधी हवा गाळणाऱ्या संचाचा, पाणी साठवणारा बाऊल काठोकाठ भरलेला. आपल्या इंजिनिअरने माझ्यासमोर सिलिंडर उघडला तेव्हा ग्रीस धुऊन गेले होते आणि पिस्टनचे सील फाटले होते.

तरीही रिपोर्टात शेरा आला : 'ग्राहकाच्या हवेत पाणी, वॉरंटी लागू नाही.' ग्राहकाची हवा म्हणजे कुठली? कॉम्प्रेसर, टाकी, ड्रायर, पाइप, मशीन, सगळे एकाच ऑर्डरमध्ये आपल्याकडून घेतले आहे.

हवा दाबली की तापते आणि पुढे निवली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. यात नवे काहीच नाही. ट्रकचे ब्रेकही हवेवरच चालतात, आणि जुन्या ट्रकचा ड्रायव्हर मॅन्युअल न वाचता हवेच्या टाकीतले पाणी सोडतो. पाणी होणारच, प्रश्न ते मशीनपर्यंत का पोचले हा आहे.

त्याची दोन कारणे मला दिसली. ड्रायरचा बायपास कॉक उघडा आहे, म्हणजे हवा ड्रायरला टाळून न सुकताच पुढे जाते. चाचणीच्या दिवशी आपल्या फिटरने तो उघडला आणि तसाच ठेवला. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. मशीनकडे येणारी लाइन मुख्य पाइपाच्या खालच्या अंगाने काढली आहे. ती वरून काढून, वळसा देऊन खाली आणायची असते, म्हणजे पाइपाच्या तळाने वाहणारे पाणी तिच्यात उतरत नाही. इथे त्याला सरळ नळच काढून दिला आहे! दोन्हींचे फोटो जोडले आहेत.

तरी ही जोडणी विनाशुल्क बदलून द्यावी, मुख्य लाइनच्या टोकाला ड्रेन बसवावा, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह वॉरंटीत बदलावेत आणि रिपोर्टातला तो शेरा लेखी मागे घ्यावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक म्हणून पुढची कायदेशीर पावले उचलीन.

दाब मी पुन्हा ६ बारवर आणून ठेवला आहे. येणाऱ्या माणसाने रेग्युलेटरला हात लावण्याआधी एकदा मान वर करून पाइपाकडे पाहावे.

आपला,
एक त्रस्त ग्राहक

सोबत : फोटो, सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती