बाबांचा हात, आणि गुरुवारची गाडी

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा ‘बरं, बरं’ करून फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी सातला गाडी दारात येईल, दोघांनी बसायचं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी रजाही टाकली आहे. तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. विचारलं असतं तर लावणी, मग गणपती, मग भातकापणी निघाली असती.

बाबांचा एमआरआय आणि आईने काढलेले व्हिडिओ मी इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवले. ते याला डिस्टोनिया म्हणतात, म्हणजे स्नायू आपोआप आवळून हात वळणं. डोक्यात आत मार बसला ती जागा हालचालींना लगाम घालणारी. टाके निघाले, वाटलं सुटलो, आणि दिवाळीत बोटं वळायला लागली. असं काही महिन्यांनीही सुरू होतं म्हणे.

आई, झोपेत हात गप्प असतो म्हणून तुला ते मनाचं वाटलं. काकू तर तोंडावर बोलल्या. पण झोपेत थांबणं हा या दुखण्याचा स्वभावच आहे. चारचौघांत, घाईत ते वाढतं. ओवीच्या वाढदिवसाला फोटो काढताना मी ‘बाबा, हात जरा नीट ठेवा ना’ म्हटलं. फोटोत बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलेलं दिसतं. तो फोटो मी कुणालाच पाठवला नाही. पेटी वाजवण्याचं तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

डोक्याला कोणी हात लावणार नाही. दादाने पाठवलेला, मेंदूत तारा घालायचा व्हिडिओ विसरा. पार्किन्सनला त्याचा चांगला उपयोग होतो, मार लागून आलेल्या दुखण्यात तेवढी खात्री देता येत नाही. आपल्याला घ्यायचंय ते बोटॉक्सचं इंजेक्शन. हो आई, नट्या सुरकुत्यांना घेतात तेच. हातातले जे स्नायू उगाच आवळतात, नेमके तेवढेच बारीक सुईने ढिले करायचे. आठवड्याभरात फरक कळायला लागतो, तीनेक महिने टिकतो, मग परत घ्यायचं. हात पहिल्यासारखा होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. मूठ सुटेल, सदऱ्याची बटणं कदाचित लागतील. मधे थोडे दिवस पकड सैल वाटेल, घाबरायचं नाही. बाबा, तुम्हाला साल लागतंच: अमेरिकेत १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, तीही तिरळ्या डोळ्यांसाठी आणि मिटून घेणाऱ्या पापण्यांसाठी. ज्या विषापासून हे इंजेक्शन बनतं ते जर्मनीत सॉसेज खाऊन लोकांना बाधायचं. एवढं वाक्य आईला वाचून दाखवू नका.

तोंडाला कोरड, लघवीला अडखळणं, किल्ली विसरणं हे सगळं वयाच्या नावावर टाकू नका. बाबांना चालू असलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळीनेही तसं होतं. तरी ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतील. आणि मेडिकलमधून चक्करच्या गोळ्या आणणं आजपासून बंद! त्यातल्या काहींनी उलट हात कापतो, अंग ताठरतं. आई, डब्यात उरलेल्या असतील त्याही पिशवीत घालून आण, डॉक्टरांना दाखवू.

खोली तळमजल्याची आहे. संडासात धरायला दांडी बसवली, उकडे तांदूळ आणि कुळथाचं पीठ आणून ठेवलं. बाबा, पहाटेचा चहा तुम्हीच करा, लायटर डावीकडे टांगलाय.

यंदा फणस कुणी फोडलाच नाही ना? तेलाचे हात करून तुम्ही गरा सोलायचात, आठळी काढायचात आणि मी नुसता आ करून उभी. परवा बाजारातून गरे आणले, ओवीला भरवताना चीक माझ्या केसांत गेला.

बाबांना ढगळ बाह्यांचे सदरे घे. जुनी फाईल, एमआरआयची सीडी विसरू नकोस. घाटाआधी पोटभर खाऊ देऊ नकोस त्यांना, आणि पुढे बसव.

तुमची
मनू