पायथ्यावरून फोन कर

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, रात्री

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तू बालीतल्या बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय बघायला जायचा बेत सांगितलास, बाबांनी "ज्वालामुखीवर? आणि तेही रात्री?" असं विचारलं आणि तुझा आवाज चढला. मी मध्ये काहीच बोलले नाही, ते तुला लागलं असणार. मला नाही म्हणायचंच नव्हतं गं. उलट सांगायचं इतकं होतं की पोळ्या लाटता लाटता ते नीट सांगून झालं नसतं. म्हणून लिहायला बसले.

तुझी यादी टेबलावरच पडली होती, मी वाचली. "२.०० गाडी, ४.०० चढ सुरू, ६.०० वर, सूर्योदय." त्याखाली एक रेघ, आणि मग थेट "संध्याकाळी बीच". मुग्धा, सूर्य वर आल्यावर तू त्या डोंगरावरच असणार आहेस. खाली यायचंय. त्या दोन तासांसाठी तुझ्या यादीत एक ओळही नाही आणि माझा जीव नेमका तिथे अडकलाय.

१९९४च्या जानेवारीत आम्ही आठ जण रात्री कळसूबाई चढलो होतो. ठाण्याहून इगतपुरी, पुढे एसटीने बारी. चढताना मी सगळ्यांच्या पुढे होते. अंधारात शिड्यांचं गार लोखंड हाताला लागायचं तेवढीच भीती, बाकी काही नाही. वर देवळापाशी बसून उगवतीकडे पाहिलं, कुणाच्या तरी थर्मासमधला चहा प्यायले, आणि मला वाटलं, झालं आपलं काम. उतरताना मी गप्पा मारत, मागे वळून वळून बोलत होते. पायात कॅनव्हासचे साधे बूट. मुरमावरून डावा पाय सटकला आणि घोट्यातून असा आवाज आला की मी आधी बसले आणि मग रडले. चढायला लागला त्याच्या दुप्पट वेळ मला खाली आणायला लागला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. संध्याकाळची गाडी चुकली. तेव्हा फोन कुठला! तुझी आजी रात्री एकपर्यंत गॅलरीत उभी होती. आजही पावसाळ्यात माझा तो घोटा सुजतो, तू त्याला तेल लावून दिलंयस कितीदा.

बातूरची वाट त्याहून फसवी आहे. वरच्या टप्प्यात पायाखाली काळा लाव्ह्याचा भुगा आणि सुटे खडे, आपण ज्याला घसारा म्हणतो तसा. चढताना दोन पावलं टाकली की एक मागे येतं, त्याने फक्त दम लागतो. उतरताना मात्र तो तुला घेऊन निघतो. घसाऱ्यावर ताठ पायांनी उतरायचं नाही. गुडघे किंचित वाकवायचे, टाच आधी रुतवायची, फार उतार असेल तर आडवं व्हायचं, आणि पुढच्या माणसापासून अंतर ठेवायचं, म्हणजे सुटलेला दगड त्याला लागत नाही. फोटो काढायचा असेल तर थांबून काढ. चालता चालता अजिबात नाही.

याचा सराव इथेच होतो. सगळे चढायचा सराव करतात, तू उतरायचाही कर. आपल्या बिल्डिंगचे सात मजले रोज सॅक पाठीला लावून पाच वेळा चढ आणि उतरतानाही लिफ्ट घेऊ नकोस. आठवड्यात मांड्या कशा बोलायला लागतात बघ. रविवारी सकाळी उपवनवरून येऊरचा चढ घे, मी येईन बरोबर. नवे बूट त्याच रस्त्यावर मळव. कोरे करकरीत बूट घालून डोंगरावर गेलीस तर नखं काळी पडतील. उतरताना बोटं पुढे जाऊन आदळतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा असलेला बरा.

बातूर निवडलास ते मला मनापासून पटलं. त्याची उंची १७१७ मीटर, कळसूबाईची १६४६. जेमतेम ७१ मीटरचा फरक. शिवाय चढ सुरू होतो तोच डोंगराखालच्या बातूर तळ्याकाठून, हजार मीटरच्या वर, त्यामुळे प्रत्यक्ष चढाई कळसूबाईपेक्षा कमी, दोनेक तासांची. तुझ्याबरोबर येणाऱ्या श्रुतीने बालीतल्याच आगुंग ज्वालामुखीचं नाव काढलंय ना? तो तीन हजार मीटरच्या वर जातो, जवळजवळ रात्रभर चढावं लागतं. पहिल्या खेपेला नको. आणि जावामधल्या इजेन ज्वालामुखीची ती निळी आग म्हणजे पेटलेला गंधकाचा वायू आहे, तो बघायला मास्क लावून विवरात उतरतात. श्रुतीच्या दम्याला ते झेपायचं नाही. हे तिला तूच सांग, माझ्याकडून ऐकलं तर तिला वाईट वाटेल.

बाबांची भीती खोटी नाही, एवढं मात्र मान. २०२३च्या ३ डिसेंबरला सुमात्रामधला मारापी ज्वालामुखी अचानक फुटला तेव्हा वर गिर्यारोहक होते. २४ जण गेले. तो डोंगर २०११पासून इशाऱ्याच्या दुसऱ्या पातळीवर होता, विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका असं तिथल्या शास्त्रज्ञांचं सांगणं होतं, तरी लोक वर जात होते. इंडोनेशियात अशा चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. आपल्याकडे आवास म्हणजे घर, तिथे आवास म्हणजे सर्वांत मोठा धोका. निघायच्या आदल्या दिवशी सरकारी ज्वालामुखी केंद्राची पातळी स्वतः बघ, हॉटेलवाल्याच्या "नो प्रॉब्लेम"वर जाऊ नकोस. नॉर्मलच्या वर काहीही असेल तर जायचं नाही. पैसे भरलेले असले तरी नाही.

राख उडाली की विमानं थांबतात, तेही लक्षात ठेव. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आगुंगमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता, हजारो प्रवासी अडकले. म्हणून ट्रेक शेवटच्या दिवशी ठेवू नकोस, आणि ऑफिसात एक रजा जास्तीची टाक. प्रवासविमा घेताना त्यात ट्रेकिंग धरलंय का आणि किती मीटरपर्यंत, हे बारीक अक्षरात वाच. तुझे बाबा वाचतील खरं तर, त्यांना ते काम दे. त्यांनाही बरं वाटेल.

उतरल्या दिवशी लगेच डोंगर नको. एक रात्र झोप काढ. मुक्काम समुद्राकडे ठेवलात तर रात्री एकलाच उठावं लागेल, आतल्या बाजूच्या उबुद गावी राहिलात तर गाडीचा रस्ता तासा-सव्वा तासाचा. हेडलॅम्प घे, मोबाइलचा उजेड नको, दोन्ही हात मोकळे हवेत. वर वारा बोचरा असतो आणि अंगात घाम असतो, तेव्हा एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव आणि पोचल्या पोचल्या बदल. माकडं आहेत वर, येऊरची बघून माहीतच आहेत तुला, खाऊची पिशवी हातात धरू नकोस. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया. बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा. शून्यं बघून गोंधळू नकोस, दोनदा मोज. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे, मी पाहिलं.

वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि ते बरंच आहे. वर गेल्यावर तो खडकातून येणाऱ्या वाफेत अंडी उकडून देईल. तू लहान असताना वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय घालायला घाबरली होतीस, आठवतं? पाणी कुणी तापवलं, असं विचारत होतीस. आता जिथे तापतं तिथेच जाऊन बसशील. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला. आपला केव्हाच थंड झाला. बातूर २०००मध्येही फुटलाय.

१९२६च्या उद्रेकात बातूर गाव आणि तिथलं देऊळ लाव्ह्याखाली गेलं. माणसं वर जुन्या विवराच्या काठावर येऊन राहिली आणि त्यांनी तिथे तळ्याच्या देवीचं, देवी दानूचं, देऊळ पुन्हा उभं केलं. त्या देवळात जाऊन ये. कळसूबाई जशी डोंगराची देवी, तशी ही तळ्याची आणि पाण्याची. वाटेत पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं ठेवलेली दिसतील, त्यांवर पाय पडू देऊ नकोस.

तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तुझी गाडी दोनला येईल तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतील. मी जागी असेन, पण तू फोन करू नकोस, आवरायला वेळ लागेल. वरूनही नको. तिथे बघत बस, मनसोक्त. मग सावकाश उतर, गाडीपाशी ये, बूट काढ, आणि तेव्हा मला फोन कर. तिथले नऊ म्हणजे आमचे साडेसहा. मी दूध तापवत असेन, फोन ओट्यावरच ठेवते.

तुझी,
आई