सारखंच येणार तर मोजता कशाला?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, तू परवा फोनवर विचारलंस ना, की अँटीमॅटरचं, म्हणजे साध्या मॅटरच्या उलट्या जोडीदाराचं, उत्तर साध्या मॅटरसारखंच येणार हे माहितीये तर मोजता कशाला, ते तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

बाबा, तुमच्या पेट स्कॅनच्या आधी जे इंजेक्शन दिलं त्यातून पॉझिट्रॉन निघत होते, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट चार्जवाला जोडीदार, अँटीमॅटरच ते. तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात, मशीन तेच पकडतं. इथे सर्नला, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, आमच्या हॉलमधे पॉझिट्रॉन आणि अँटीप्रोटॉन (प्रोटॉनचा तसाच उलटा जोडीदार) जोडून अख्खा अँटीहायड्रोजनचा अणू बनवतात. भांड्याच्या भिंतीला लागला की गेला, म्हणून व्हॅक्यूममधे नुसत्या चुंबकांनी अडकवून ठेवायचा. अल्फा प्रयोगात 2010 ला हे पहिल्यांदा जमलं, 2016 ला त्या अणूंवर 243 नॅनोमीटरचा लेझर टाकून ते नेमक्या कुठल्या फ्रिक्वेन्सीला वरच्या पातळीवर जातात ते बघितलं आणि 2018 ला ते माप एक लाख कोटीत दोन भाग एवढं बारीक झालं. साध्या हायड्रोजनशी जुळलं.

जुळायलाच हवं असं थिअरी म्हणते. चार्ज उलटा, डावं-उजवं उलटं, काळ उलटा, तिन्ही एकदम केलं तरी नियम तेच राहतात, ही सीपीटी सिमेट्री. पण आई, नुसतं डावं-उजवं बदललं तरी काही फरक पडत नाही असंही सगळे धरूनच चालले होते, आणि चिएन-शिउंग वू या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी किरणोत्सारी कोबाल्ट-60 प्रचंड थंड करून चुंबकात ठेवला तर इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त निघताना दिसले, म्हणजे फरक पडतो, 1957 ला ते जाहीर झालं. असा फरक असू शकतो ही कल्पना मांडणाऱ्या ली आणि यांग या शास्त्रज्ञांना त्याच वर्षी नोबेल मिळालं, बाईंना नाही, मला हा अन्यायच वाटतो. आणि विश्वाच्या सुरुवातीला मॅटर-अँटीमॅटर सारखंच बनलं असेल तर सगळं एकमेकांत संपायला हवं होतं, आपण उरलो कसे हे अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून मोजायचं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

वू बाई 1936 ला चीनहून अमेरिकेला गेल्या त्यानंतर त्यांची आई-वडलांशी भेट झालीच नाही. हे वाचल्यापासून मला चैन नाही. हिवाळ्यात इथली मशीन बंद असतात तेव्हा मी येतेय, तिकीट काढलंय. बाबा, नवीन रिपोर्ट आले की फोटो काढून लगेच पाठवा, आणि आईला गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, ती स्वतःहून जाणार नाही.

तुमची,
ताई